जरा मागची स्लाइड दाखवता का?

आमच्या सोसायटीत सध्या पुनर्विकासाचे वारे वाहत आहेत. इमारत चाळिशी उलटलेली, लिफ्ट नाही, गच्चीला दर पावसाळ्याआधी डांबर; तेव्हा वारे सुटले यात नवल नाही. एका बिल्डरने प्रस्ताव दिला आणि तो समजावून सांगायला एका रविवारी सकाळी सभा ठेवली. जवळच्या मंगल कार्यालयातला छोटा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-सामोसे आणि समोर मोठा पांढरा पडदा. पुनर्विकास करावा की न करावा यावर मी आज लिहिणार नाही. त्या पडद्यावर लिहिणार आहे. (नातेवाईक मंडळी म्हणतील, आता आबा पॉवरपॉइंटवरही लिहायला लागले! लागलो खरा. शेवटपर्यंत वाचा, मग हसा.)

प्रेझेंटेशन देखणे होते यात शंका नाही. फाटकातून कॅमेरा आत शिरला, गुलमोहर हलला, लिफ्टचे दार अलगद उघडले, आणि आम्ही सगळे जणू तरंगत नव्या घरात गेलो. स्वयंपाकघर, ओटा, ओट्यामागे खिडकी, खिडकीतून डोंगर. (आमच्या भागात डोंगर नाही, पण ते असो.) आमच्या सौ. माझ्या कानात म्हणाल्या, "ओट्यापाशी उजेड बरा आहे हो." कुठे झटका नाही, कुठे अडखळणे नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसे सगळे चालले होते.

अकराव्या स्लाइडवर आकडे आले. सध्याचा कार्पेट एरिया ५२० चौरस फूट, नवीन ६७६ चौरस फूट. म्हणजे ३० टक्के वाढ. हॉलमध्ये समाधानाची कुजबुज झाली. त्या ६७६ च्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी होती. आकडा दोन-तीन सेकंद राहिला आणि फिरत फिरत दिसेनासा झाला. मग पुन्हा चित्रफीत, मग बाग, मग जिम. चौदाव्या स्लाइडच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, त्या चांदणीचा खुलासा होता. त्यात बाल्कनी धरलेली आहे, एवढे मला वाचता आले. पुढचे वाचेपर्यंत पंधरावी स्लाइड आली.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात वर केला. "अहो, जरा मागची स्लाइड दाखवता का? ती चांदणीवाली."

बोलणारा मुलगा सभ्य होता. त्याने लगेच मागे जाण्याची कळ दाबली. पण झाले असे, की आली त्याच क्रमाने प्रत्येक गोष्ट उलटी जाऊ लागली. एक ओळ गेली, दुसरी गेली, झाडे गेली, मग मधली चित्रफीत पहिल्यापासून सुरू झाली. तो मुलगा पडद्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून कळ दाबत राहिला. दोन मिनिटांनी घाम पुसत म्हणाला, "आजी, शेवटी प्रश्नोत्तरं आहेतच, तेव्हा नक्की दाखवतो हं." शेवटी प्रश्नोत्तरे झाली ती पार्किंगवर आणि भाड्यावर. चांदणी राहिली ती राहिलीच.

घरी येताना मनात आले, त्या मुलाचे काय चुकले? वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. प्रेझेंटेशन पुढे जाण्यासाठीच बांधलेले होते, मागे येण्याची सोय त्यात कुणी विचारातच घेतली नव्हती. आणि माझे मत असे झाले आहे, की बोलणाऱ्याच्या सोयीसाठी असलेल्या या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा ऐकणाऱ्याच्या त्या एका वाक्यात आहे: "जरा मागची स्लाइड दाखवता का?"

हे माझ्या डोक्यात येण्याचे कारण म्हणजे फळा. तीस-बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. फळ्याचे दोष मला कुणी सांगायला नकोत; खडूची भुकटी अजून छातीत असेल. पण फळ्याचा एक गुण तेव्हा लक्षात आला नव्हता. फळ्यावर लिहिलेले राहते. तासाच्या सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात लिहिलेले शेवटच्या घंटेपर्यंत तिथेच असते. मागच्या बाकावरचा मुलगा ज्याला सुरुवातीला समजले नाही, तो दहा मिनिटांनी मान वळवून पुन्हा तिथे पाहू शकतो. त्यासाठी त्याला हात वर करावा लागत नाही, चारचौघांत आपले अज्ञान जाहीर करावे लागत नाही. स्लाइडचे तसे नाही. नवी आली की जुनी नाहीशी. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायची, तर पहिला आकडा डोक्यात धरून बसावे लागते. आमच्या वयात ते सोपे नाही, आणि खरे सांगायचे तर कुठल्याच वयात सोपे नाही.

फळ्याचा दोषही सांगतो. फळ्यावर लिहिताना शिक्षकाची पाठ वर्गाकडे होते. बी.एड.च्या सराव पाठात आमचे प्राध्यापक मागच्या बाकावर बसून ज्या चुका टिपत, त्यांत ही पहिली. "फळ्याशी बोलू नका, मुलांशी बोला." आणि दुसरा नियम, टाचण हातात घेऊन वाचायचे नाही. टाचण टेबलावर, नजर वर्गावर.

पुढे ऐंशीच्या दशकात एका सेवांतर्गत प्रशिक्षणात ओव्हरहेड प्रोजेक्टर प्रथम पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक दिव्याची पेटी, तिच्यावर काच. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, त्यावर स्केचपेनने लिहिलेले वरच्या भिंगातून आणि आरशातून मागच्या भिंतीवर मोठे दिसते. त्यातली खुबी अशी, की कागद बोलणाऱ्याच्या पुढ्यात असतो, सुलटा. भिंतीकडे वळायचे कारणच नाही. लोकांना मागे जे दिसते तेच आपल्याला समोर दिसते, आणि तोंड लोकांकडे. शिवाय पारदर्शकांचा गठ्ठा शेजारी असतो. पुढचा कोणता ते दिसते. मागचा हवा असेल तर उचलून ठेवला की झाले!

आता गंमत पाहा. पॉवरपॉइंट जन्माला आले ते याच पारदर्शकांसाठी. अमेरिकेतल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते तयार केले. एप्रिल १९८७ मध्ये ते बाजारात आले, तेही आधी मॅकिंटॉश संगणकावर आणि कृष्णधवल. पडद्यावर दाखवायचे हा त्याचा मुख्य उद्योग नव्हताच. कागद किंवा पारदर्शक छापून काढायचे, सोबत बोलणाऱ्यासाठी टिपणांची पाने आणि श्रोत्यांना वाटायच्या प्रतीही छापता येत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे, त्याचे मूळ ठरलेले नाव होते 'प्रेझेंटर'. म्हणजे सादर करणारा माणूस! ते नाव दुसऱ्या कुणाचे निघाले म्हणून बदलावे लागले आणि 'पॉवरपॉइंट' आले. नाव बदलताच माणूस मागे पडला आणि पॉइंट पुढे आले असा कोटी करण्याचा मोह होतो, पण तसे लगेच झाले नाही. झाले ते पुढे, संगणकाला जोडायचे प्रोजेक्टर आले तेव्हा. पारदर्शकांचा गठ्ठा गेला. भिंतीवर जे दिसते तेच संगणकावर. पुढे काय येणार हे बोलणाऱ्यालाही आठवावे लागे, आणि आठवत नसले की तो भिंतीकडे वळे. म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी मोडून काढलेली सवय यंत्राने पुन्हा लावली.

ती मोडण्यासाठी जे आले त्याला इंग्रजीत प्रेझेंटर व्ह्यू किंवा प्रेझेंटर कन्सोल म्हणतात. लोकांच्या पडद्यावर फक्त चालू स्लाइड. बोलणाऱ्याच्या संगणकावर मात्र चालू स्लाइड, तिच्या शेजारी पुढची, खाली त्याची टिपणे आणि कोपऱ्यात घड्याळ. म्हणजे काय? म्हणजे टेबलावरचे टाचण आणि मनगटावरचे घड्याळ, बस्स. मी वापरतो तो संच फुकट मिळणाऱ्या ओपनऑफिसच्या घराण्यातला. २००८ च्या ऑक्टोबरात त्याची ३.० आवृत्ती आली आणि सन कंपनीने त्यासाठी ही सोय वेगळी जोडणी म्हणून दिली. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यायची. पुढे २०१० मध्ये त्या घराण्यातून लिबरऑफिस वेगळे निघाले, आणि आता तिथे ही सोय घरचीच आहे. पॉवरपॉइंटमध्ये तर २०१३ च्या आवृत्तीपासून दुसरा पडदा जोडला की ती आपोआप सुरू होते. हे सगळे असूनही किती जण वापरतात? मी गेल्या काही वर्षांत सत्कार, व्याख्याने, बँकेची ज्येष्ठांसाठीची माहितीसत्रे असे जे काही पाहिले, त्यांत बहुतेक वक्ते भिंतीकडे पाहून भिंतीवरचे वाचत होते. जे आम्हालाही वाचता येत होते.

आता गुळगुळीतपणाकडे वळू. ग्राफिक्स अधिक गुळगुळीत झाली अशी प्रत्येक नव्या आवृत्तीची जाहिरात असते. माझ्या मते यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिले जाते.

पहिला गुळगुळीतपणा कडांचा. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेला पोपट तुम्ही पाहिला असेल. लांबून चोच गोल वाटते, जवळून पाहावे तर जिना! संगणकाचा पडदाही असाच चौकोनांचा. तिरकी किंवा गोल रेघ काढली की पायऱ्या दिसतात. यावर उपाय असा, की कडेच्या चौकोनांत पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा रंग न भरता मधल्या छटा भरायच्या. डोळा फसतो आणि कड मऊ दिसते. ओपनऑफिसच्या चित्रांना आणि आकृत्यांना ही सोय मे २००९ मधल्या ३.१ आवृत्तीत मिळाली. अक्षरांच्या कडा मऊ करण्याची युक्तीही हीच. इंग्रजीला याचा उपयोग आहेच, पण आपल्या देवनागरीला फार आहे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक केवढा? एवढीशी गाठ, शिरोरेघेतली एवढीशी फट. अनुस्वाराचा ठिपका, रफार, ऱ्हस्व-दीर्घाचे वळण, जोडाक्षरातला अर्धा त. जुन्या प्रोजेक्टरवर या सगळ्याचा चुरा होई, आणि माझ्यासारखा मोतीबिंदू काढलेला माणूस शब्द वाचण्याऐवजी ओळखत बसे. कडा सुधारणे म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार करणे. अशा गुळगुळीतपणाला माझा साष्टांग नमस्कार.

दुसरा गुळगुळीतपणा हालचालीचा. २००३ च्या जानेवारीत ॲपलचे कीनोट आले. स्टीव्ह जॉब्जच्या स्वतःच्या भाषणांसाठी ते तयार झाले होते. एखादा ठोकळा फिरावा तशी त्यात स्लाइड फिरे. लोक थक्क झाले, आणि मग सगळ्यांनाच ते हवेसे झाले. आज पॉवरपॉइंटमध्ये मॉर्फ नावाची करामत आहे. एका स्लाइडवरची वस्तू पुढच्या स्लाइडवर सरकत, आकार बदलत जाते.

मी याच्या सरसकट विरोधात नाही. संधी शिकवताना मला ही सोय असती तर! 'विद्या' आणि 'आलय' दोन बाजूंनी सरकत यावेत, दोन 'आ' एकमेकांत मिसळावेत आणि 'विद्यालय' उभे राहावे. मुलाला डोळ्यांनी दिसले असते, की काही नाहीसे झाले नाही, दोहोंचे एक झाले. तिथे हालचालीला अर्थ आहे. हालचाल हाच धडा आहे. पण ६७६ हा आकडा गिरक्या घेत का यावा आणि गिरक्या घेत का जावा? त्या गिरकीने काय सांगितले? काहीच नाही. उलट डोळ्याला थांबू दिले नाही. झटका बसला असता, स्लाइड अडखळली असती, तर कदाचित मीही थांबलो असतो आणि चांदणीकडे नीट पाहिले असते. व्याकरणात स्वल्पविराम असतो तो उगीच नाही.

इथे एक आक्षेप माझा मलाच सुचतो, तो लपवून ठेवणे बरे नाही. सॉफ्टवेअर कसेही असो, विचारच नीट मांडलेला नसेल तर? याचे फार दुःखद उदाहरण आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी या धोक्याबद्दल नासाला स्लाइड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक मुद्द्यात लिहिले होते, की आदळलेला तुकडा १९२० घनइंचांचा आहे, आणि ज्या चाचण्यांच्या आधारे हे सगळे म्हटले आहे त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता. सहाशे चाळीस पट! १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले. कल्पना चावलांसह सातही जण गेले. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन प्राध्यापकांनी त्या स्लाइडची चिकित्सा केली, आणि चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधल्या अहवालात तिची दखल घेऊन, तांत्रिक अहवालांऐवजी अशा स्लाइड्सवर भिस्त ठेवण्याबद्दल नासाला बोल लावला.

त्या स्लाइडवर गिरक्या नव्हत्या, चित्रफीत नव्हती. साधी अक्षरे होती. तेव्हा गुळगुळीत ग्राफिक्स काढली की सत्य आपोआप वर येते असे नाही. आमच्या फ्लॅटच्या आकड्यांची त्या सात प्राणांशी तुलना करण्याचा उद्देश मुळीच नाही. पण महत्त्वाची गोष्ट तळाच्या ओळीत राहणे, हे दुखणे तेच. यावर कुठल्याच सॉफ्टवेअरचा पूर्ण इलाज नाही. ऐकणाऱ्याला थांबवता यावे, मागे नेता यावे, एवढी सोय मात्र ते करू शकते. आणि त्या सोयीतूनच कधी कधी तळाची ओळ वर येते.

आता सभेची पुढची गोष्ट. मी सेक्रेटरींकडून त्या स्लाइड्सची प्रत मागून घेतली. रात्री नात आणि मी अकरा आणि चौदा या दोन स्लाइड्स शेजारी शेजारी ठेवून बसलो. ६७६ मध्ये बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळून ९० चौरस फूट धरलेले होते. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे तिच्यात बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे खरा आकडा ५८६. वाढ १५६ ची नव्हे, ६६ ची. तीस टक्के नव्हे, तेराच्याही आत. नात म्हणाली, "आबा, हे सगळ्यांना सांगायला पाहिजे." सेक्रेटरी म्हणाले, "सर, पुढच्या सभेत पंधरा मिनिटं तुमची."

आली का पंचाईत! ज्याला फळा सोडून काही येत नाही त्याने पीपीटी करायची. नातीने शिकवले. सहा स्लाइड केल्या. टिपणे लिहिली, अगदी टाचण वहीत लिहायचो तशी: 'इथे थांबणे', 'तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारणे, दिसते का', 'आवाज चढवू नये', 'चेअरमनसाहेबांकडे बघू नये, राग येतो'.

सभेच्या दिवशी प्रोजेक्टर जोडला, नातीने बटण दाबले आणि हॉलमध्ये हशा पिकला. माझी टिपणे भिंतीवर! चेअरमनसाहेबांसकट सगळ्यांनी वाचली. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जात होते. अशा वेळी विंडोजची कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडायचे असते, हे ज्ञान मला त्या दिवशी फार महागात मिळाले. चेअरमनसाहेब हसले, निदान हसल्यासारखे दिसले. मीही हसलो. दुसरे काय करणार?

नंतरची तेरा मिनिटे बरी गेली. घड्याळ समोर होते, म्हणून पाल्हाळ लावला नाही. (सौं.नी हे विशेष नमूद करायला सांगितले आहे.) पुढची स्लाइड दिसत होती, म्हणून वाक्य अर्धे तोडावे लागले नाही. आणि मुख्य म्हणजे तोंड लोकांकडे होते. त्यामुळे मला दिसले, की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कपाळाला आठ्या घालून पुटपुटत आहेत. म्हटले, "आजी, काय अडलं?" त्या म्हणाल्या, "पहिला आकडा पुन्हा दाखव रे बाबा." मी स्लाइडचा क्रमांक दाबून एंटर मारले. एका क्षणात ती स्लाइड हजर, मधले काही उलटे न जाता. ५२०, ५८६ आणि ६७६, तिन्ही आकडे एकाच स्लाइडवर, न हलता उभे. आजींनी पिशवीतून डायरी काढली आणि उतरवून घेतले. आम्ही सगळे थांबलो. मग मी बी ही कळ दाबली. त्याने पडदा काळा होतो. नकाशाचे काम झाले की आम्ही तो गुंडाळून ठेवत असू, तसेच हे. पडदा काळा झाल्यावर लोक एकमेकांकडे बघून बोलू लागले, आणि पुढचा अर्धा तास खरी सभा झाली.

निर्णय काय झाला म्हणाल, तर काही क्रांती झाली नाही. बिल्डरकडून कार्पेट आणि बाल्कनी वेगवेगळे लिहिलेला एक पानी कागद मागवायचा आणि तो प्रत्येक घरी पोचल्याशिवाय मत घ्यायचे नाही, एवढे ठरले. काही जण माझ्यावर नाराज आहेत. "सरांनी काम लांबवलं" असे जिन्यात ऐकू आले. त्यांचेही खोटे नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचे गुडघे गेले आहेत, त्यांना लिफ्ट कालच हवी होती. मलाही हवी आहे. फक्त कशावर सही करतो आहोत ते कळून करावी, एवढेच.

तर हे सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींना (त्यांच्यापैकी कुणी मराठी वाचणारे निघाले तर) या म्हाताऱ्याच्या दोन मागण्या आहेत. एक, पुढची स्लाइड बोलणाऱ्याला दाखवता, तशी मागची स्लाइड ऐकणाऱ्याला लहान करून कोपऱ्यात ठेवता येते का पाहा. फळ्याचा डावा कोपरा आम्हाला परत द्या. दोन, आकडा किंवा तक्ता असलेल्या स्लाइडला गिरकी लावताना निदान एकदा विचारा, "खरंच लावायची का?" फाइल पुसताना विचारता ना, तसे. २०१९ पासून पॉवरपॉइंटमध्ये एक प्रेझेंटर कोच आहे म्हणे, आता त्याला स्पीकर कोच म्हणतात. सरावाच्या वेळी तो तुमचे बोलणे ऐकतो आणि तुम्ही स्लाइडच वाचून दाखवत असाल तर तसे सांगतो. आमचे बी.एड.चे प्राध्यापक यंत्रात शिरले म्हणायचे! मग त्यांनी हेही सांगावे.

आणि बोलणाऱ्यांना एकच विनंती. नवी सोय शिकायची तर आधी क्रमांक दाबून मागे जाणे शिका, आणि बी दाबून पडदा काळा करणे. गिरक्या नंतर.

असो. बरेच लांबले, इथे कोपऱ्यात घड्याळ नव्हते ना :-) तुमच्यापैकी पुष्कळांना कामावर रोज प्रेझेंटेशन करावे आणि सोसावे लागते. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा. आणि परवा आजी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तो कागद आला का रे?" अजून आलेला नाही. आला की लिहीनच.